पशुव्रणांचें शोधन : प्राचीन ग्रंथ व अर्वाचीन जंतुघ्न द्रव्यें

(१) जुंवानें सोललेला बैलाचा खांदा, खोगिराखालीं लागलेली घोड्याची पाठ, किंवा खुराड्यांत इतर कोंबड्यांनीं टोंचून रक्तबंबाळ केलेली कोंबडी, यांच्या जखमेवर काय लावावें हा प्रश्न पशुवैद्याचा आहे, इतिहाससंशोधकाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. एका अर्थीं तें खरेंच आहे. परंतु या प्रश्नाचें उत्तर देतांना लोक इतिहासाचा आधार घेतात, आणि तो आधार यथार्थ आहे कीं नाहीं हें पाहणें संशोधकाचेंच काम होय. एक पक्ष म्हणतो कीं, जंतुघ्नचिकित्सा आमच्या पूर्वजांस पूर्णपणें अवगत होती. लिस्टरनें नवें असें कांहीं सांगितलें नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, लिस्टरच्या पूर्वीं जें होतें तो सारा धूप, अंगारा आणि भुताखेतांचा बाजार. दोन्ही पक्ष बहुधा मूळ ग्रंथ न उघडतां बोलतात, आणि या भांडणांत नुकसान होतें तें मुक्या जनावराचें. कारण पहिला पक्ष जुनें म्हणून वाटेल तें जखमेंत भरतो, व दुसरा नवें म्हणून वाटेल तें जखमेंत ओततो.

प्रस्तुत लेखांत तीन गोष्टी एकमेकींपासून निराळ्या ठेवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे : प्राचीनांनीं काय पाहिलें, त्याचें कारण काय मानिलें, आणि प्रत्यक्ष काय केलें. यांची सरमिसळ झाली म्हणजे पूर्वजांची स्तुति व निंदा या दोन्ही निराधार होतात.

(२) प्रथम साधनांचा विचार करूं. पशुवैद्यकावरील संस्कृत ग्रंथ थोडे नाहींत. अश्ववैद्यक शालिहोत्राच्या नांवावर चालतें. त्या नांवावरूनच घोड्यांच्या वैद्यास सालोतरी हा शब्द रूढ झाला. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाच्या नांवावर असलेलें अश्वचिकित्सित हे ग्रंथ कलकत्त्यास बिब्लिओथिका इंडिकेंत इ. स. १८८६-८७ च्या सुमारास छापले गेले. नकुल म्हणजे विराटाच्या अश्वशाळेंत राहिलेला पांडव, ही परंपरा. ती कर्तृत्वाचा पुरावा होऊं शकत नाहीं. गजवैद्यकावरील पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १८९४ मध्यें प्रसिद्ध केला. हा ग्रंथ अंगदेशचा राजा रोमपाद व पालकाप्य मुनि यांच्या संवादरूपानें रचिलेला असून त्याचीं महारोग, क्षुद्ररोग, शल्य व उत्तर अशीं चार स्थानें आहेत. अग्निपुराणांत हत्ती व घोडे यांच्याबरोबर गाईंच्या आयुर्वेदासही एक अध्याय दिलेला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचिलेल्या मानसोल्लासांत गजाश्वांची जोपासना आहे, आणि राजाच्या विनोदांत कोंबड्यांच्या झुंजीही आहेत. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या श्यैनिकशास्त्रांत शिकारी ससाण्यांच्या रोगांवर उपचार सांगितले आहेत.

या यादीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रंथांत ज्यांना रुग्ण म्हणून मुख्य स्थान मिळालें ते प्राणी राजाचे आहेत : हत्ती, घोडा, ससाणा. गाईला एखादा अध्याय मिळाला. शेतकऱ्याची कोंबडी मात्र चरकसुश्रुतांत आढळते ती मांसवर्गांत. रुग्ण म्हणून नव्हे. म्हणून “कोंबड्यांच्या जखमांवर आपल्या शास्त्रांत काय सांगितलें आहे” असा प्रश्न कोणी विचारल्यास, फारसें कांहीं नाहीं, हेंच प्रामाणिक उत्तर होय. बैलाचें व कोंबडीचें वैद्यक घरोघरच्या तोंडी परंपरेंत राहिलें, आणि तोंडी परंपरेचें वय ठरविणें किती अवघड असतें हें पुढें दिसेल.

(३) पशुवैद्यकाचे हे ग्रंथ व्रणांविषयीं बोलतांना परिभाषा मनुष्यवैद्यकाचीच वापरतात. म्हणून त्या परिभाषेचें मूळ सुश्रुतसंहितेंत पाहणें इष्ट. सुश्रुतानें व्रणाचे सात मुख्य उपक्रम व विस्तारानें साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांतील दोन शब्द आमच्या विषयाचा कणा होत : शोधन आणि रोपण. दुष्ट व्रणाचें प्रथम शोधन करावें, म्हणजे पू, कुजलेलें मांस व घाण काढून तो निर्मळ करावा. शुद्ध झाल्यावर रोपण, म्हणजे तो भरून येईल असा उपचार करावा. शुद्ध झालेला व्रण कसा ओळखावा याचीं लक्षणेंही दिलीं आहेत : तो जिभेच्या पृष्ठासारखा दिसतो, मऊ व गुळगुळीत असतो, त्यास ठणका नसतो, स्राव नसतो. ज्यानें बैलाच्या खांद्यावरील जखम भरून येतांना लाल दाणेदार मांस धरलेलें पाहिलें असेल, त्यास हें वर्णन प्रत्यक्ष पाहून लिहिलेलें आहे याविषयीं शंका राहणार नाहीं.

याहून महत्त्वाचें एक वचन चिकित्सास्थानांत आहे. व्रणावर माशा येऊन बसतात व त्यांत किडे टाकतात, मग तीव्र वेदना होते, सूज येते व रक्तस्राव होतो, असें तेथें सांगितलें असून उपायही दिला आहे. तुळस ज्यांत मुख्य आहे अशा सुरसादि गणाच्या काढ्यानें व्रण धुवावा. सातवीण, करंज, रुई, कडुनिंब व रांजण यांच्या साली गोमूत्रांत वाटून लावाव्या. क्षाराच्या पाण्यानें शिंपण करावें. किंवा व्रणावर मांसाचा तुकडा झांकून त्याकडे ओढले गेलेले किडे बाहेर काढावे. मुख्य बाब अशी कीं, किडे जखमेंतून आपोआप उपजत नाहींत, माशी ते टाकते, हें येथें स्पष्ट म्हटलें आहे. युरोपांत ही गोष्ट फ्रांचेस्को रेदि यानें इ. स. १६६८ मध्यें सिद्ध केली. तथापि दोहोंतील भेद विसरतां कामा नये. सुश्रुतांत निरीक्षण आहे. रेदिनें कांहीं भांड्यांतील मांस उघडें व कांहींतील झांकून ठेवून तुलना केली, म्हणजे प्रयोग केला. निरीक्षणानें एका व्रणाचा उपाय सांपडतो. प्रयोगानें दुसऱ्यास पटविण्याचें साधन मिळतें.

(४) आतां कारणमीमांसेकडे वळूं. शस्त्रकर्मानंतर गुग्गुळ, अगुरु, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, मीठ व कडुनिंबाचा पाला तुपांत कालवून धुरी द्यावी असें सुश्रुत सांगतो. पुढें व्रणिताच्या परिचर्येंतही मोहरी, निंबपत्र, तूप व मीठ यांची धुरी दिवसांतून दोनदां दहा दिवस देण्यास सांगितलें आहे. पहिल्या पक्षाचे लोक येथें थांबतात व जंतुशास्त्राचा जयघोष करितात. परंतु त्याच अध्यायांत धुरीचें प्रयोजनही दिलें आहे : रक्तमांसाच्या वासानें निशाचर व्रणिताकडे येतात, त्यांपासून त्याचें रक्षण व्हावें. निशाचर म्हणजे सूक्ष्म जंतु असा अर्थ कित्येक अर्वाचीन पंडित करितात. आम्हांस तो मान्य नाहीं. हे निशाचर कोण हें ग्रंथच सांगतो. त्यांस बलि द्यावा, मंत्रानें रक्षा करावी, अशी योजना आहे. जंतूंस बलि कोणी देत नाहीं. शब्दास आपल्या सोयीचा अर्थ चिकटविणें हा व्याकरणाचा अपराध आहे आणि इतिहासाचाही.

मात्र कारण चुकलें म्हणून कृति निरर्थक ठरत नाहीं. धुरीनें माशा दूर राहतात हें गोठ्यांत धुरी करणारा प्रत्येक शेतकरी जाणतो, आणि माशी दूर ठेवणें म्हणजे पशुव्रणाच्या एका मोठ्या संकटास आळा घालणें होय. तात्पर्य, प्राचीनांचें निरीक्षण पुष्कळ अंशीं खरें, कारण बरेचदां चुकीचें, व कृति कांहीं ठिकाणीं उपयुक्त, असा तिहेरी निवाडा द्यावा लागतो.

(५) चुकीच्या उपचाराची जबाबदारी कोणावर, हाही प्रश्न त्या काळीं उठला होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं असा नियम आहे कीं, उपचारांत किंवा औषधांत हयगय होऊन रोग वाढला तर खर्चाच्या दुप्पट दंड, आणि वैद्याच्या अपराधानें विपरीत झालें तर त्या जनावराच्या किमतीइतका दंड. लगेच पुढें, हाच नियम गाईगुरें, गाढवें, उंट, म्हशी व शेळ्यामेंढ्या यांसही लागू समजावा असें म्हटलें आहे. मनुस्मृतीही चुकीची चिकित्सा करणाऱ्यास मनुष्येतर प्राण्यांच्या बाबतींत प्रथम साहसाचा व मनुष्यांच्या बाबतींत मध्यम साहसाचा दंड सांगते. प्रत्यक्षांत किती वैद्यांस दंड झाला हें ग्रंथांवरून कळत नाहीं. पण पशूच्या जखमेंत वाटेल तें भरण्याची मोकळीक शास्त्रानें कोणास दिली नव्हती, एवढें निश्चित.

(६) आतां तोंडी परंपरा पाहूं. महाराष्ट्रांत गुरांच्या जखमेंत किडे पडले म्हणजे सीताफळाचा पाला वाटून भरतात. कोठें तंबाखूचा लगदा घालितात. हे उपाय वाडवडिलांपासून चालत आलेले म्हणून अतिप्राचीन मानले जातात. परंतु तंबाखू हें मूळचें अमेरिकेंतील झाड. सीताफळाचें मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ तेथेंच सांगतात. पोर्तुगीजांच्या संचारानंतर हीं झाडें इकडे पसरलीं. असदबेग यानें विजापुराहून तंबाखू नेऊन अकबराच्या दरबारीं दाखविली ती इ. स. १६०५ च्या सुमारास. तेव्हां हे दोन्ही उपाय सुश्रुताच्या काळचे असणें संभवत नाहीं. यावरून परंपरेची निंदा होत नाहीं. उलट, आमच्या खेड्यांतील गुराखी नवें झाड आल्याबरोबर त्याचा गुण पारखून त्यास कामाला लावीत होता, असें सिद्ध होतें. दोन्ही झाडांत कीटकनाशक अंश आहेत हें रसायनशास्त्रानें दाखविलें आहे. परंतु तंबाखूंतील निकोटिन हें जहाल विष असून जखमेंतून रक्तांत भिनतें, हेंही त्याच शास्त्रानें दाखविलें आहे. गुराख्यानें नवें पारखून घेतलें. आपणही त्याची पुन्हा पारख करण्यास कचरतां कामा नये.

(७) युरोपांतील हकीकत थोडक्यांत सांगूं. तेथेंही जंतुघ्न द्रव्यांची वाट पशूंच्याच दारावरून गेलेली दिसते. फ्रान्समध्यें जनावरांचीं आंतडीं साफ करण्याच्या कारखान्यांतील दुर्गंधीवर उपाय शोधतां शोधतां लाबाराक या औषधविक्रेत्यानें इ. स. १८२० च्या सुमारास क्लोरीनयुक्त द्रावण उपयोगांत आणिलें. पुढें तेंच कुजक्या जखमांवर वापरूं लागले. डांबरापासून कार्बोलिक अम्ल रुंगे यानें इ. स. १८३४ मध्यें काढिलें. इंग्लंडांतील कार्लाइल शहराच्या मैल्यांत तें मिसळलें असतां शेतांची दुर्गंधी जाते, व त्या कुरणांत चरणाऱ्या गुरांस होणारे कृमीही नष्ट होतात, असा वृत्तांत लिस्टरच्या वाचनांत इ. स. १८६४ मध्यें आला. पाश्चरचे कुजण्याविषयींचे सिद्धान्त त्यास कळले होतेच. इ. स. १८६५ च्या ऑगस्टांत ग्लासगो येथें गाडीखालीं पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर त्यानें कार्बोलिक लाविलें, व मुलगा बरा झाला. इ. स. १८६७ मध्यें त्याचे लेख लॅन्सेट पत्रांत प्रसिद्ध झाले. येथें निरीक्षण, कारण व कृति हीं तिन्हीं प्रथमच एका ओळींत आलीं. सुश्रुतानें सर्व सांगितलें होतें असें म्हणणारांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

हें नवें शास्त्र आमच्याकडे येण्यास फार काळ लागला नाहीं. परळ येथें इ. स. १८८६ मध्यें मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. त्यास जोडूनच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें पशुरुग्णालय होतें. इ. स. १८८९ मध्यें पुण्यास इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व लिंगार्ड तिचे प्रमुख झाले, इ. स. १८९३ मध्यें ती मुक्तेश्वरास हलविण्यात आली. म्हणजे ज्या दशकांत आनंदाश्रम पालकाप्याचा ग्रंथ छापीत होता, त्याच सुमारास त्याच शहरांत पशुरोगांचे जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले जात होते. या दोन उद्योगांनीं एकमेकांकडे अधिक पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

(८) परंतु कार्बोलिकनें गोष्ट संपली नाहीं. जें जंतूंस मारतें तें जिवंत मांसासही जाळतें, हें लवकरच दिसूं लागलें. पहिल्या महायुद्धांत राइट व फ्लेमिंग यांनीं बुलोन येथें सैनिकांच्या जखमा अभ्यासिल्या. फ्लेमिंगनें कांचेची, खांचाखोंचा असलेली कृत्रिम जखम बनवून दाखविलें कीं, वरून ओतलेलें द्रव्य खांचांतील जंतूंपर्यंत पोंचत नाहीं. उलट शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशी मात्र त्यानें मरतात. त्याच युद्धांत कारेल व डेकिन यांनीं इ. स. १९१५ पासून अर्धा टक्का हायपोक्लोराइटच्या द्रावणानें जखम वारंवार धुण्याची पद्धति घातली. तींतही मेलेलें मांस काढून टाकणें हें पहिलें कर्म होतें. पुढें इ. स. १९५४ मध्यें क्लोरहेक्सिडीन व १९५५ च्या सुमारास पोव्हिडोन-आयोडीन हीं तुलनेनें सौम्य द्रव्यें आलीं. त्यांच्याविषयींही अनुभव असा कीं, पू, रक्त, शेण यांच्या संगतींत आयोडीन व क्लोरीन यांची शक्ति क्षीण होते. म्हणून आधीं धुणें, मग द्रव्य.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, शंभर वर्षांच्या प्रयोगांनीं अर्वाचीन शास्त्र ज्या क्रमावर आलें तो क्रम शोधन व रोपण हाच आहे. जंतूंचें ज्ञान प्राचीनांस नव्हतें. परंतु द्रव्य निवडण्यापूर्वीं व्रणाची अवस्था पहावी, मळलेल्या व्रणास एक व भरत्या व्रणास दुसरें द्रव्य असावें, हा निवडीचा नियम त्यांनीं बरोबर ओळखिला होता. आमच्या मतें पशुव्रणचिकित्सेंतील खरा वारसा हाच. अमुक पाला किंवा तमुक धूप हा नव्हे.

(९) हा नियम आजच्या गोठ्यास लावून पाहूं. ताजी, मळलेली जखम प्रथम भरपूर स्वच्छ पाण्यानें, किंवा एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्यानें धुवावी. मग १० टक्क्यांचें पोव्हिडोन-आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकें पातळ करून, किंवा २ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडीनचा एक भाग ४० भाग पाण्यांत मिसळून वापरावा. दुसरें द्रव्य डोळ्यांत व कानांत जाऊं देऊं नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेंस पाहून समाधान वाटतें, परंतु भरत्या जखमेवर तें रोज घातल्यास नवें मांस मरतें. गोठ्याच्या जमिनीचें फिनेल जखमेंत ओतणें हें तर अघोर कर्म होय; तें जमिनीसाठीं आहे, जनावराच्या अंगासाठीं नव्हे. माती किंवा शेण जखमेवर थापूं नये. धनुर्वाताचे जंतु त्यांतच असतात, व घोडा त्या रोगास विशेष बळी पडतो. किडे पडले असतील तर ते एकूणएक काढल्यावांचून कोणत्याही मलमाचा उपयोग नाहीं. आमच्याकडे व्रणावर बसणाऱ्या एका माशीचीं अंडीं १२ ते २४ तासांत फुटतात. तेव्हां पावसाळ्यांत जखम रोज पाहिली पाहिजे. हळद व मध यांची जंतुविरोधी शक्ति प्रयोगशाळेंत दिसून आली आहे. त्यांचें स्थान शुद्ध झालेल्या उथळ व्रणावर, शोधनाऐवजीं नव्हे.

कोंबडीची गोष्ट निराळी. तिच्या जखमेचें पहिलें औषध म्हणजे तिला वेगळी ठेवणें. कारण लाल रंग दिसतांच इतर कोंबड्या तेथेंच टोंचतात व कधीं कधीं जीव घेईपर्यंत थांबत नाहींत. हा लाल रंग झांकावा म्हणून जांभळें जेन्शियन व्हायोलेट लावण्याची चाल पडली. त्याची जंतुघ्नता चर्चमन यानें इ. स. १९१२ मध्यें दाखविली होती. परंतु ज्या प्राण्याचीं अंडीं व मांस मनुष्य खातो त्यास तें लावणें आतां योग्य मानीत नाहींत. अमेरिकेंत पशुखाद्यांतील त्याच्या वापरास १९९१ सालीं बंदी झाली, व २०१९ सालीं कॅनडाच्या आरोग्यखात्यानें कर्करोगाच्या संभवावरून त्याविरुद्ध इशारा दिला. तेलकट मलमें पिसांस चिकटून तीं निकामी करितात, तींही टाळावीं. मिठाच्या पाण्यानें धुणें, पातळ केलेलें आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीन, आणि एकान्त, एवढ्यानें लहान जखमा भरून येतात. खोल जखम, मोडलेलें हाड किंवा ताप असल्यास पशुवैद्यास बोलाविण्यास उशीर करूं नये. हें कोंबडीस तसेंच बैलासही लागू आहे.

(१०) उपसंहार थोडक्यांत करितों. व्रणावर माशी किडे टाकते हें प्राचीनांनीं पाहिलें, तें खरें. निशाचर व्रणाकडे येतात असें त्यांनीं मानिलें, तें सोडून द्यावें. आधीं शोधन व मग रोपण असा क्रम त्यांनीं लावून दिला, तो जतन करावा. सीताफळाचा पाला जुना म्हणून पवित्र ठरत नाहीं, व फिनेल नवें म्हणून औषध ठरत नाहीं. दोहोंची परीक्षा जखमेवर व्हावयाची असते, आणि ती जखम ज्याला बोलतां येत नाहीं अशा प्राण्याच्या अंगावर असते. चुकीच्या उपचारानें जनावर दगावल्यास त्याची किंमत वैद्याकडून भरून घेणाऱ्या अर्थशास्त्रकारानें ही जोखीम ओळखिली होती. प्राचीन ग्रंथांचा हवाला देऊन औषध सुचविणारांनींही ती ओळखावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.